अटकेपलीकडचे युसुफझई

‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार आपण मराठी माणसे इतक्या सहजपणे वापरतो की, अटक हे एक खरेखुरे गाव आहे, तेथे किल्ला आहे, नदी आहे आणि नदीपलीकडे माणसे राहतात, याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे. १७५८ साली राघोबादादांच्या स्वारीत मराठी फौजा सिंधूच्या काठाशी जाऊन भिडल्या. त्या फौजांत शिंदे होते, होळकर होते. म्हणजे आज ग्वाल्हेर-इंदुरात नांदणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज होते. त्यांनी तेथे उभे राहून पलीकडे पाहिले असेल. किल्ला अकबराने बांधलेला; त्याच्याजवळच पश्चिमेकडून येणारी गढूळ काबूल नदी सिंधूच्या निळसर पाण्याला मिळते आणि काही अंतरापर्यंत दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहत राहतात. त्या संगमाच्या उत्तरेला जो सपाट, सुपीक मुलूख पसरलेला आहे आणि त्याच्या मागे ज्या डोंगरांच्या रांगा चढत गेल्या आहेत, ते युसुफझई पठाणांचे घर.

आज हा भाग पाकिस्तानच्या ज्या प्रांतात मोडतो त्याला २०१० पासून खैबर पख्तुनख्वा म्हणतात. तिकडे पाऊल टाकण्याचा योग आपल्यासारख्यांना येणे कठीण. पण नकाशा पुढे ठेवून, जुन्यानव्या ग्रंथांच्या आधाराने मनाने प्रवास करायला परवाना लागत नाही, आणि हा प्रवास मराठी वाचकाला अनोळखी वाटेल असे मुळीच नाही.

अटकेहून काबूल नदी ओलांडून उत्तरेकडे निघाले की स्वाबी लागते आणि त्याच्या पश्चिमेस मर्दान. या मैदानाला ‘समा’ म्हणतात. ऊस, तंबाखू, गहू यांची ही भूमी. मैदानाच्या उत्तरेस डोंगर. त्यातील आंबेल्याची खिंड ओलांडली की बुनेरचे खोरे, आणि पश्चिमेची मलाकंद खिंड चढून उतरले की स्वात. स्वात ही मुळात नदी. ऋग्वेदात जिचा सुवास्तु म्हणून उल्लेख येतो तीच ही. दोन्ही तीरांवर भाताची खाचरे, वर फळबागा, त्याहून वर देवदारांची राने. आणखी वर, मदयनच्या पुढे, कोहिस्तानातील निराळ्या बोलींचे लोक सुरू होतात आणि युसुफझईंचा मुलूख संपतो. स्वातच्या पश्चिमेचे दीर व पूर्वेचे शांगला येथेही याच जमातीची वस्ती आहे.

या भूमीत ते येण्यापूर्वी काय काय होऊन गेले, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे दोनतीनच गोष्टी सांगतो. स्वाबीजवळच्या लाहोर नावाच्या खेड्याच्या परिसरात प्राचीन शलातुर होते, म्हणजे आपल्या पाणिनीचे जन्मगाव. पंजाबातील प्रसिद्ध लाहोर ते हे नव्हे. मर्दानजवळ शाहबाजगढीला अशोकाचे शिलालेख खरोष्ठी लिपीत कोरलेले आहेत. सिंधूकाठचे हुंड हे हिंदुशाही राजांची राजधानी उदभांडपूर. अलेक्झांडरनेही त्याच सुमारास नदी ओलांडली असे मानतात. आणि स्वात म्हणजे बौद्धांचे उड्डियान, जेथे सातव्या शतकात ह्युएन त्संग येऊन गेला. स्वात आणि बुनेर यांच्या सीमेवरील इलम पर्वतावर श्रीरामांनी वनवासात वास केला होता अशी तेथील हिंदूंची श्रद्धा होती, आणि १९४७ पर्यंत ते त्याची यात्रा करीत असत. असो.

युसुफझई येथले मूळचे नव्हेत. पठाणांच्या वंशावळी सांगणारा जो प्रसिद्ध फार्सी ग्रंथ आहे, तो नियामतुल्लाचा ‘मखझने अफगानी’. जहांगीर बादशहाच्या काळात, १६१३ साली, तो पुरा झाला तो काबूल-पेशावरात नव्हे, तर आपल्या बऱ्हाणपुरात. खानजहान लोदी या पठाण सरदाराच्या आश्रयाने. डोंगरात राहणाऱ्या माणसांची कुळी तापीच्या काठी लिहिली जावी, हा योग मोठा गमतीचा. वंशावळीप्रमाणे खखई नावाच्या पुरुषाचा मुलगा मंद, मंदाचे मुलगे युसुफ आणि उमर, आणि उमरचा मुलगा मंदनड. उमर लवकर वारला आणि पुतण्याला युसुफाने वाढविले, असे सांगतात. युसुफाचे वंशज डोंगरातले युसुफझई आणि मंदनडाचे वंशज मैदानातले. पण बाहेरच्या जगाने दोघांनाही युसुफझई हेच नाव दिले. चुलत्या-पुतण्यांची ही जोडी ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्याभोवती फिरते.

कंदाहारच्या बाजूने हे लोक काबूलकडे सरकले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात काबूलवर तैमूरच्या वंशातला मिर्झा उलुगबेग राज्य करीत होता. (समरकंदची वेधशाळा बांधणारा ज्योतिषी उलुगबेग तो वेगळा, हा बाबराचा चुलता.) गादी मिळविताना त्याला युसुफझईंची मदत झाली होती. पण गादीवर स्थिर झाल्यावर हेच मदतनीस त्याला डोईजड वाटू लागले. त्याने त्यांच्या प्रमुखांना मेजवानीला बोलाविले, शस्त्रे बाहेर ठेवायला लावली, आणि सर्वांना मारविले. परंपरेने सांगितलेला आकडा सातशे. त्यांचा वृद्ध नायक मलिक सुलेमानशाह याने मरण्यापूर्वी स्वतःचा जीव मागितला नाही, पुतण्याचा मागितला. तो पुतण्या म्हणजे मलिक अहमद. उलुगबेगाने एवढी एक याचना मान्य केली. सातशेतून सुटलेला हा एक तरुण उरल्यासुरल्या बायकामुलांना, गुराढोरांना घेऊन पूर्वेकडे निघाला.

पेशावरच्या खोऱ्यात त्या वेळी दिलझाक नावाचे पठाण राहत होते. त्यांनी या निर्वासितांना जागा दिली. पुढे दोघांचे बिनसले, कातलंगला लढाई झाली आणि आश्रय देणाऱ्यांनाच आपली भूमी सोडावी लागली. स्वातचा सुलतान उवैस याच्याशी मलिक अहमदने बहिणीचे लग्न लावून सोयरीक केली होती, तरी सोळाव्या शतकात स्वातही युसुफझईंनी घेतले आणि तेथील जुने रहिवासी हजाऱ्याच्या डोंगरांकडे गेले. त्यांच्या इतिहासकारांनी हे काही झाकून ठेवलेले नाही. आपल्यावर काबुलात झालेला घात ते जितक्या तपशिलाने सांगतात, तितक्याच तपशिलाने स्वतःच्या या चढाया सांगतात. दोन्हींत काही विसंगती आहे असे त्यांना वाटत नाही.

जमीन मिळाली, आता ती वाटायची कशी? येथे या जमातीच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण पुरुष येतो. तो योद्धा नव्हता, शेख मली नावाचा विद्वान धर्मपुरुष होता. १५३० च्या सुमारास त्याने साऱ्या मुलुखाची मोजदाद करून कुळाकुळांचे वाटे ठरविले. मैदान मंदनडांना, स्वात आणि दीरचा मोठा भाग अकोझई शाखेला, बुनेर इलियासझई व मलिझई यांना. पण हा केवळ वरचा हिशेब. नदीकाठची भाताची जमीन आणि डोंगरउतारावरची कोरडवाहू जमीन यांची बरोबरी कशी व्हायची? ज्याच्या नशिबी खडक आला त्याने पिढ्यान्‌पिढ्या खडकच फोडावा काय? शेख मलीने यावर जो तोडगा काढला त्याला ‘वेश’ म्हणतात, म्हणजे वाटणी. कुळाला मिळाला तो जमिनीचा विशिष्ट तुकडा नव्हता, हिस्सा होता. ठराविक वर्षांनी, कोठे पाच, कोठे दहा, कोठे त्याहून अधिक, चिठ्ठ्या टाकल्या जात आणि संपूर्ण कुळेच्या कुळे आपली गुरे, भांडी, बाजा, लेकरे घेऊन एका गावातून दुसऱ्या गावात राहायला जात. आज तुमच्या घरात मी, माझ्या घरात तुम्ही. हे चारशे वर्षे चालले.

ज्याचा वाट्यावर हक्क, तो ‘दफ्तरी’; आणि हक्काला ‘दफ्तर’ हाच शब्द. पेशवे दफ्तर ज्यांना परिचित आहे त्यांना हा शब्द ऐकून घरचेच कोणी भेटल्यासारखे वाटेल. ज्याचे दफ्तर गेले तो पठाण म्हणून गणला जात नसे, जिरग्यात त्याला बसता येत नसे. त्याला ‘फकीर’ म्हणत, मग तो भीक मागत असो वा नसो. मुल्ला, सय्यद, संतांचे वंशज यांना निराळ्या जमिनी दिलेल्या असत आणि त्या फेरवाटणीत येत नसत. या जमिनी पुष्कळदा दोन भांडणाऱ्या गटांच्या सीमेवर दिल्या जात, म्हणजे मध्ये साधुपुरुष बसला की दोघांच्या तलवारी थोड्या दूर राहतील. शेख मलीला माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक असावा.

या पद्धतीचे गुण सांगावेत तितके थोडे, पण तिचा दोषही उघड होता. दहा वर्षांनी जे घर दुसऱ्याचे व्हायचे ते पक्के कोण बांधणार? जे झाड दुसऱ्याला फळे देणार ते कोण लावणार? स्वातचा पहिला वली मियांगुल अब्दुल वदूद याने १९२० च्या दशकात ‘वेश’ कायमची बंद केली आणि ज्याच्या हाती जी जमीन होती ती त्याची झाली. त्यानंतर स्वातमध्ये बागा वाढल्या. समतेचा तो जुना खेळ मात्र संपला, आणि ज्यांच्या वाट्याला त्या शेवटच्या चिठ्ठीत उणी जमीन आली त्यांचे वंशज तिच्यावरच राहिले.

पश्तू भाषेत चुलत भावाला ‘तरबूर’ म्हणतात, आणि ‘तरबूर’ म्हणजेच प्रतिस्पर्धी. चुलत भावांच्या वैराला ‘तरबूरवली’ हा स्वतंत्र शब्द आहे. आपल्या मराठीत ‘भाऊबंदकी’ आहे, त्यामुळे याचे भाषांतर करण्याची गरज नाही. इंग्रजीत मात्र असा एकच शब्द सापडत नाही. नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ १९५४ मध्ये स्वातला जाऊन राहिला आणि त्याने या लोकांच्या राजकारणावर १९५९ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले ते जगभर गाजले. त्याने दाखविले ते एवढेच की, प्रत्येक दफ्तरी आपल्या तरबूरच्या विरुद्ध गटात जातो, त्याचा शेजारी पुन्हा त्याच्या विरुद्ध, आणि त्यामुळे सारे खोरे दोन तटांत विभागलेले राहते. भावकीतल्या वाड्यांचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही गोष्ट ऐकायला बार्थसाहेबाची वाट पाहावी लागली नसती.

गटाचे केंद्र म्हणजे ‘हुजरा’. आपल्याकडचा हुजऱ्या तो नव्हे. हुजरा म्हणजे खानाची बाहेरची बैठक, पाहुण्यांची धर्मशाळा, गावचा पार, हे सगळे एकत्र. येथे बाजा टाकलेल्या असतात, आणि आलेल्याला जेवण व अंथरूण मिळते. पाहुणचार, सूड आणि शरण आलेल्याला अभय हे पठाणी रीतीचे तीन खांब सर्वांना ठाऊक आहेत; पण सूडाच्या गोष्टी जितक्या रंगवून लिहिल्या जातात तितका हुजरा कोणी रंगवीत नाही.

बाबराशी त्यांचे नाते तलवारीने सुरू झाले आणि लग्नाने सांधले. १५१९ च्या जानेवारीत त्याने शेजारचे बाजौर घेऊन तेथे मोठी कत्तल केली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मलिक शाह मन्सूर युसुफझई याची कन्या बीबी मुबारिका हिच्याशी विवाह केला. लोककथा अशी की, बाबर फकिराच्या वेषात तिच्या बापाच्या घरी गेला, तिने त्याला भाकरीत गुंडाळून मांस पाठविले, ते त्याने दोन दगडांच्या मध्ये लपवून ठेवले आणि पुढे खूण म्हणून तेच सांगितले. ही कथा ज्या ग्रंथात येते तो ‘तवारीखे हाफिज रहमतखानी’ अठराव्या शतकात रोहिलखंडात रचला गेला. डोंगर सोडून आलेल्यांनी डोंगराच्या आठवणी लिहून ठेवल्या त्या अशा.

अकबराला मात्र लग्नाचा मार्ग सापडला नाही. १५८६ च्या आरंभी जैनखान कोका आणि राजा बिरबल यांच्या हाताखाली त्याने युसुफझईंवर सैन्य धाडले. दोघा सेनापतींचे एकमेकांशी पटत नव्हते. कोणत्या वाटेने परतायचे यावरून वाद झाला, आणि बुनेरच्या अरुंद घाटात वरून दगडांचा व बाणांचा मारा सुरू झाला. हजारो माणसे गेली. इतिहासकार आठ हजारांचा आकडा देतात. बिरबल त्यांतच पडला आणि त्याचे प्रेतही मिळाले नाही. बादशहाने दोन दिवस अन्न घेतले नाही म्हणतात. तानसेनाची कबर आपण ग्वाल्हेरात रोज पाहतो. त्याच दरबारातला दुसरा रत्नपुरुष, ज्याच्या चातुर्याच्या गोष्टी आपल्या घरोघरी सांगितल्या जातात, तो बुनेरच्या डोंगरात कोठे मातीला मिळाला हे कोणालाच कळले नाही.

औरंगजेबाच्या काळात १६६७ मध्ये युसुफझईंनी पुन्हा उठाव केला. त्यानंतर पेटलेल्या आफ्रिदी आणि खटकांच्या युद्धासाठी बादशहा १६७४ मध्ये स्वतः अटकेजवळच्या हसन अब्दालला जाऊन बसला. त्याच वर्षी रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला. खटकांचा कवी-सरदार खुशालखान युसुफझईंना या युद्धात ओढण्यासाठी स्वातमध्ये गेला आणि निराश होऊन परतला. दोन जमातींचे जुने वैर आड आले.

आता आपल्या घरच्या दुखण्याकडे येतो. पठाणांच्या डोंगराळ देशाला ‘रोह’ म्हणत आणि तेथून गंगेच्या काठी येऊन वसले ते रोहिले. सर्वच रोहिले युसुफझई नव्हते. हाफिज रहमतखान बडेच जमातीचा. पण नजीबखान मात्र अस्सल युसुफझई, मंदनड शाखेचा, स्वाबीजवळच्या मणेरी गावचा. १७४० नंतरच्या दशकात तो नोकरीच्या शोधात रोहिलखंडात आला आणि साध्या शिपाईगिरीपासून वर चढला. १७५७ मध्ये दिल्लीत तो राघोबादादांच्या तावडीत पुरा सापडला होता. मल्हारराव होळकरांनी त्याला धर्मपुत्र मानून सोडविले. नजीब संपला तर पेशवे आपल्याला धोतरे बडवायला लावतील, असे मल्हाररावांनी शिंद्यांना सांगितल्याची कथा बखरकार देतात. तरबूरवली ज्याच्या रक्तात होती त्या नजीबाला मराठ्यांची भाऊबंदकी ओळखायला किती वेळ लागला असेल! पुढचे सर्वांना ठाऊक आहे. शुक्रताल, १० जानेवारी १७६० चा बुराडी घाट, तेथे दत्ताजी शिंद्यांचा अंत, आणि वर्षभराने पानिपत. अब्दालीला हिंदुस्थानात आणणारा, शुजाउद्दौल्याला वळवून त्याच्या बाजूस नेणारा आणि रसद पुरविणारा नजीबच.

नजीबाबादेजवळचा त्याचा पत्थरगढ किल्ला मी पाहिला आहे. जाड, काळवंडलेल्या भिंती, आत मोकळे मैदान आणि एक तळे. लोक त्याला ‘सुलताना डाकूचा किल्ला’ म्हणतात. नजीबाचे नाव विचारल्यावर रिक्षावाला थोडा गोंधळला. १७७२ मध्ये महादजी शिंदे आणि विसाजी कृष्ण यांनी हा किल्ला घेतला. नजीब त्याआधीच, १७७० मध्ये, वारला होता. पानिपतचा सूड म्हणून आपल्या लोकांनी तेथे त्याच्या कबरीची विटंबना केली आणि त्याच्या कुटुंबातील स्त्रियाही कैद झाल्या. महादजींविषयी ग्वाल्हेरकराला वाटणारा अभिमान मलाही आहे. पण मेलेल्या शत्रूच्या थडग्यावरचा हा पराक्रम मला सांगावासा वाटत नाही. नजीबाचा नातू गुलाम कादिर याने १७८८ मध्ये शाह आलम बादशहाचे डोळे काढले आणि पुढच्या वर्षी महादजींच्या हुकमाने त्याला ठार करण्यात आले. पणतू महमूदखान १८५७ मध्ये बिजनोर भागात इंग्रजांविरुद्ध उठला. एका मणेरीकराच्या चार पिढ्या अशा आपल्या इतिहासात गुंतलेल्या आहेत. आणि जिचा चेहरा मराठी रसिकही विसरला नाही त्या मधुबालेचे वडील अताउल्ला खान हेही युसुफझईच.

इकडे डोंगरात शिखांशी व इंग्रजांशी झगडे चालूच होते. १८२३ मध्ये रणजितसिंगांनी नौशेऱ्याजवळ युसुफझई व खटकांचा पराभव केला. १८६३ मध्ये आंबेल्याच्या खिंडीत इंग्रजांना कित्येक आठवडे अडकून पडावे लागले आणि सुमारे एक हजार माणसे खर्ची पडली. १८९७ च्या मलाकंदच्या उठावावर तर चर्चिलने आपले पहिले पुस्तक लिहिले. १९१७ मध्ये स्वातच्या जिरग्याने आंबेल्याच्या लढाईत गाजलेल्या सैदूबाबांच्या नातवाला राजा नेमले. हे घराणे युसुफझई नव्हते, आणि तेच त्याच्या यशाचे कारण असावे. तो कोणाचाच तरबूर नव्हता. त्याचा मुलगा जहानजेब याने शाळा, रस्ते, दवाखाने आणि १९५२ मध्ये महाविद्यालय उभारले. मुलींच्या शाळाही काढल्या. १९६९ मध्ये संस्थान पाकिस्तानात विलीन झाले.

ज्या खोऱ्यात राजाने मुलींसाठी शाळा काढल्या, तेथेच २००७ नंतर तालिबानांनी त्या शाळा उडवून दिल्या. जहानाबादच्या कड्यावर कोरलेल्या बुद्धाच्या मुखावरही सुरुंग लावले. ते पुढे इटालियन तज्ज्ञांनी पुष्कळसे सांधून दिले. २००९ च्या मे महिन्यात लष्कराची कारवाई सुरू झाली तेव्हा स्वात-बुनेर-दीरमधून सुमारे वीस लाख माणसे मलाकंद व आंबेल्याच्या वाटांनी मैदानात उतरली. त्यांतली फार थोडी तंबूंच्या छावण्यांत राहिली. बहुतेकांना मर्दान व स्वाबीच्या लोकांनी आपल्या घरांत आणि हुजऱ्यांत घेतले. मंदनडांच्या दारी युसुफाचे वंशज, वीस लाख! ओळख नसलेल्या कुटुंबांसाठी घरची माणसे एका खोलीत झाली आणि बाकीच्या खोल्या रिकाम्या करून दिल्या गेल्या. दोन-तीन महिन्यांनी परतीचे लोंढे सुरू झाले.

परतणाऱ्यांत मिंगोऱ्याच्या एका शाळाचालकाची मुलगी होती, मलाला युसुफझई. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेच्या गाडीत तिच्यावर गोळी झाडली गेली. ती वाचली, परदेशी गेली, आणि २०१४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक तिला आपल्या विदिशेच्या कैलाश सत्यार्थींबरोबर विभागून मिळाले. २०१८ च्या मार्चमध्ये ती प्रथमच परत आली. हेलिकॉप्टरने मिंगोऱ्यात उतरली, आपले जुने घर पाहिले आणि काही तासांत निघून गेली. शांगल्याच्या डोंगरात तिच्या घराण्याचे मूळ गाव बरकाना आहे. तेथे ती पोहोचली २०२५ च्या मार्चमध्ये, तेरा वर्षांनी.